बोडोची खाडी ओहोटीलाच बघावी

नायजेरियातल्या पोर्ट हारकोर्ट शहरातले तीन दिवस म्हणजे उकाडा, जनरेटरची घरघर आणि खिडकीच्या कठड्यावर बोटाला लागणारी काजळी. तिथून बोरीमार्गे ओगोनी जमातीच्या भागातल्या बोडो गावापर्यंतच्या रस्त्याबद्दलही सांगण्यासारखं फार नाही. लिहायचंय ते बोडोच्या खाडीतल्या दोन तासांबद्दल.

होडी ओहोटीलाच काढायला सांगा. भरतीचं पाणी सगळं झाकून टाकतं. पाणी उतरलं की काळा चिखल आणि मेलेल्या कांदळांचे खुंट उघडे पडतात. नावाड्याने चिखलात काठी खुपसून बाहेर काढली. भोकात पाणी झिरपलं आणि त्यावर सप्तरंगी तवंग आला. लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचाही असाच तवंग चिखलावर दिसतो, म्हणून तो ढवळून बघायचा. जिवाणूंचा असेल तर काचेसारखे तुकडे होतात. तेलाचा फाटतो आणि पुन्हा सांधतो. आम्ही तीनदा ढवळला, तीनदा सांधला.

खेकड्यांच्या बिळांतून आणि कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून तेल खोल उतरतं. तिथे प्राणवायू नाही, त्यामुळे तेल खाणाऱ्या जिवाणूंचं काम जवळपास थांबतं. मग दर भरतीला त्यातलं थोडं वर येतं आणि साफ केलेल्या किनाऱ्यावर पुन्हा बसतं. कोकणातलं खाजण पाहिलेल्या माणसाला हा चिखल बघवत नाही.

हे तेल आलं शेल या तेल कंपनीच्या २४ इंची पाइपलाइनमधून. २००८ मध्ये तिचा सांधा फुटला. गाव म्हणतं, गळती २८ ऑगस्टला सुरू झाली. कंपनीची नोंद म्हणते, ५ ऑक्टोबरला. थांबली ७ नोव्हेंबरला. सगळं भांडण या तारखेत आहे, कारण गळती किती दिवस चालली यावरच तेल किती सांडलं ते ठरतं. नोंद झाली १,६४० बॅरलची. डिसेंबरमध्ये पुन्हा गळती लागली, ती फेब्रुवारीत बंद झाली. लंडनच्या न्यायालयात दावा गेल्यावर शेलने सांडलेलं तेल कमी धरल्याचं कबूल केलं आणि २०१५ च्या जानेवारीत साडेपाच कोटी पौंडांची तडजोड जाहीर झाली.

गळतीची पाहणी कंपनी, सरकारी यंत्रणा आणि गावाचे प्रतिनिधी एकत्र करतात. पाइप खणून उघडा करायचा आणि भोक बघायचं. गंजाने पत्रा झिजत झिजत पातळ होतो. करवतीची किंवा ड्रिलची कड स्वच्छ असते. कागदावर ‘घातपात’ लिहिलं गेलं की भरपाई बुडाली. पण पाइपपर्यंत पोचायचं कंपनीच्या सोयीने आणि मोजायची साधनंही तिचीच. गावाच्या हाती फक्त सही. तिथे उभं राहिल्यावर मला तरुणांचा संताप कळला.

ओगोनींचा लढा मुळात शांततेचा. ४ जानेवारी १९९३ ला लाखो माणसं रस्त्यावर उतरली, त्याच वर्षी कंपनीने ओगोनी भागातलं तेल काढणं थांबवलं. १० नोव्हेंबर १९९५ ला या लढ्याचे नेते, लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ साथीदारांना फाशी झाली. पुढच्या दशकात इतर खाड्यांमधल्या सशस्त्र गटांनी पाइपलाइनी उडवल्या, कामगार पळवले. त्यांना २००९ मध्ये माफी आणि महिना ६५,००० नायरा (नायजेरियाचं चलन) भत्ता मिळाला. मिरवणुकीला फास आणि बंदुकीला भत्ता, हा हिशेब इथला कुठलाही तरुण करू शकतो. मला तो सरकारचा सर्वात मोठा अपराध वाटतो.

परतताना किनाऱ्यावर जळकी पिंपं दिसली. पाइपलाइनला चोरून व्हॉल्व्ह बसवायचा, कच्चं तेल पिंपात तापवायचं, वाफ पाण्यात बुडवलेल्या नळीतून थंड करायची. आधी पेट्रोल येतं, मग रॉकेल, मग डिझेल. पेट्रोलची वाफ आगीकडे वळली तर शेजारची माणसं होरपळतात. शहरातल्या काजळीचा मोठा वाटा अशा भट्ट्यांचाच. तळाशी उरलेलं डांबर खाडीत ओततात. त्या डांबरापासून थोड्याच अंतरावर पुन्हा लावलेल्या कांदळाची गुडघाभर रोपं उभी होती.