बोन ग्राफ्ट आणि आपला मे महिना

एक्स्ट्रीम वातावरणात वापरायचं बोन ग्राफ्ट असं काही वाचलं की लोकांना मंगळ आठवतो, सियाचीन आठवतं. मला परभणीचं बसस्टँड आठवतं, मे महिन्यातलं, दुपारी दोनचं, आणि ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत सकाळपासून भाजून निघालेलं आमचं पार्सल. मी ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या ऑपरेशनला लागणाऱ्या इम्प्लांटचा सप्लाय करतो, प्लेटा, स्क्रू, रॉड, बोन सिमेंट, ग्राफ्ट सगळं, लातूर-नांदेड-परभणी हा आपला पट्टा, त्यामुळं ४४-४५ डिग्री म्हणजे काय ते मला व्हिडिओ बघून शिकायची गरज नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲक्सिडेंटमध्ये हाडाचा तुकडाच गेला, किंवा गाठ काढल्यावर खड्डा पडला, किंवा सहा-आठ महिने झाले तरी हाड जुळायचं नाव घेईना, तर तिथं जे भरतात ते ग्राफ्ट. सगळ्यात भारी अजूनही पेशंटचं स्वतःचंच, कमरेच्या हाडातून काढलेलं, त्यात जिवंत पेशी असतात आणि शरीर त्याला परकं मानत नाही. पण ते काढायचं किती, आणि काढलेली जागा नंतर दुखत राहते ते वेगळंच. म्हणून मग दान केलेलं माणसाचं हाड, जनावराच्या हाडापासून केलेलं, नाहीतर कारखान्यात बनवलेलं.

आता मुद्दा असा आहे की एकदा ग्राफ्ट आत गेलं की बाहेर सियाचीन असो की परभणी, आत ३७ डिग्रीच. बाहेरच्या हवेचा त्रास मटेरियलला होतो तो आत जायच्या आधी, गोडाऊनमध्ये, गाडीत, लाइट गेलेल्या स्टोअररूममध्ये. आणि आत गेल्यावर जो त्रास होतो त्याचा हवामानाशी काही संबंध नाही, तो रक्ताचा, इन्फेक्शनचा आणि वजनाचा. हे दोन वेगळे विषय आहेत आणि लोक एकत्र कालवतात.

पहिला विषय माझा. हायड्रॉक्सिॲपेटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे ते पांढरे दाणे, हे साधारण हजार-बाराशे डिग्रीच्या भट्टीतून निघालेले असतात, त्यांना आपलं ऊन काय करणार. एका पेशंटच्या वडिलांनी मला ऑपरेशन थिएटरबाहेर (ओटीबाहेर) गाठलं होतं, डबी हातात घेऊन उलटीपालटी करत विचारलं, "साहेब, हे हाड कोणाचं म्हणायचं?" गळ्यात तुळशीची माळ. मी म्हणलं, काका, माणसाचं नाही, जनावराचं नाही, भट्टीत भाजलेलं हाय, खडूवाणी. मग त्यांनी सही केली. (डेंटलकडं गाईबैलांच्या हाडापासून केलेलं मटेरियल सर्रास वापरतात, ते नातेवाइकांना आधी स्पष्ट सांगितलंच पाहिजे असं माझं मत आहे, बरेच जण सांगत नाहीत.)

कारखान्यातल्या बाकीच्या मटेरियलचा खरा दुश्मन ऊन नाही, ओल आहे. कॅल्शियम सल्फेट म्हणजे आपलं प्लास्टर ऑफ पॅरिसच, हाडातल्या पोकळीत ते भरायचा प्रयोग जर्मनीत ड्रीसमननी १८९२ लाच केला होता, त्याला दमट हवा लागली की काम खल्लास. बायोॲक्टिव्ह ग्लास, म्हणजे हाडाशी जुळणारी खास काच, तिचंही तसंच, लॅरी हेंच यांनी अमेरिकेत १९६९ ला ती काढली, व्हिएतनाममधून परत आलेल्या एका कर्नलनं बसमध्ये त्यांना विचारलं होतं म्हणे की शरीर झिडकारणार नाही असं काही बनवता येईल का. त्या काचेचं कामच पाण्याशी रिॲक्शन करायचं, म्हणून फॉइलचं पाकीट फाटलं की संपलं. त्यामुळं मे पेक्षा मला ऑगस्टची जास्त भीती. आणि मटेरियल शाबूत असलं तरी पाकिटाचं सील उन्हानं सुटलं तर स्टराइल (निर्जंतुक) राहिलं की नाही हे बघून कळत नाही.

माणसाच्या हाडाचं गणित अजून वेगळं. डीप फ्रीज केलेलं हाड उणे ७०-८० डिग्रीला ठेवावं लागतं, तालुक्याच्या ठिकाणी लोडशेडिंगमध्ये ते कोण सांभाळणार. म्हणून फ्रीझ-ड्राय करून गॅमा रेडिएशन दिलेलं हाड, मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक असं करते, ते साध्या कपाटात राहतं, फक्त रेडिएशननं त्याची ताकद थोडी कमी होते. आपल्यासारख्या भागाला हीच तडजोड परवडते, मला तरी दुसरं काही दिसत नाही.

बोन सिमेंट हे ग्राफ्ट नाही, पण उन्हाचा तमाशा बघायचा तर तिथंच. मोठा गॅप असला की सर लोक मास्केले टेक्निक करतात, आधी त्या जागी सिमेंटचा गोळा बसवायचा, सहा-आठ आठवड्यांत त्याच्याभोवती शरीर एक पातळ पडदा तयार करतं, मग गोळा काढून त्या पिशवीत ग्राफ्ट भरायचं. पावडर ४० ग्रॅम, लिक्विड २० मिली, मिसळलं की नाकात जाणारा वास, आधी पातळ, मग तार सुटते, मग ग्लोव्हला चिकटायचं थांबतं, तेवढ्यात बसवायचं. एसी चालू असला तर दहा-बारा मिनिटं मिळतात. एसी बंद पडलेल्या ओटीत सर "अजून थोडं थांबू" म्हणेपर्यंत वाटीतच दगड झालेला मी बघितलाय, आणि सेट होताना ते गरम इतकं होतं की सिस्टर वाटी खाली ठेवतात. बॉक्सवर २५ डिग्रीच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडं मार्च ते जून २५ डिग्री फक्त फ्रीजमध्ये असतात, म्हणून मी बर्फाच्या डब्यातूनच नेतो, डब्यावर हसणारे वॉर्डबॉय मामा लोक आता स्वतःच विचारतात डबा आणला का.

दुसरा विषय डॉक्टरांचा, पण ओटीत उभं राहून जेवढं कळलं तेवढं सांगतो. गुटख्याच्या कॅन्सरमध्ये जबडा काढला आणि वर रेडिएशन दिलं तर तिथल्या रक्तवाहिन्या मेलेल्या असतात, त्यात कितीही महागडे दाणे भरा, काही उगवत नाही. तिथं पायातलं फिब्युलाचं हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट आणून जोडावं लागतं. माझ्या मते मंगळापेक्षा हे वातावरण अवघड. खोल पाण्यात काम करणाऱ्या डायव्हर लोकांचंही ऐकण्यासारखं आहे, दाब बदलल्यानं खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो आणि हाड मरतं. आणि अंतराळात तर हाडावर वजनच नाही, खुब्याचं हाड महिन्याला एक-दीड टक्का झिजतं, ग्राफ्ट पक्कं व्हायला वजन पडावं लागतं आणि तिथं ते मिळत नाही, म्हणून २०१७ ला स्पेस स्टेशनवर उंदीर पाठवून हाड कसं जुळतं ते बघितलं.

इन्फेक्शनचं आपल्याकडं जास्त. ऊसाची ट्रॉली उलटली, पाय उघडा पडला, जखमेत काळी माती, अशा केसमध्ये पहिल्या दिवशी ग्राफ्ट मागणाऱ्या नातेवाइकांना सर सरळ नाही म्हणतात. आधी धुणं, मग बाहेरून हाड धरून ठेवणारी चौकट (फिक्सेटर), ग्राफ्ट नंतर. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे झालं तसल्या आपत्तीतही हाच क्रम असतो, ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसाला त्या घटकेला ग्राफ्टचा काही उपयोग नाही, त्यामुळं 'आपत्तीसाठी खास ग्राफ्ट' असली जाहिरात दिसली की मी पुढं सरकतो. फिनलंडकडचा एक बायोॲक्टिव्ह ग्लास मात्र कामाचा, त्याच्यामुळं आजूबाजूचा पीएच (अल्कलीपणा) वाढतो आणि जंतूंना जगणं अवघड होतं, जुन्या हाडाच्या इन्फेक्शनमध्ये वापरतात. महाग आहे.

मला कंपन्यांकडून एवढंच पाहिजे. पोलिओच्या डोसच्या बाटलीवर १९९६ पासून एक छोटा चौकोन असतो, गरमीत तो काळा पडत जातो, आशाताईसुद्धा बघून सांगतात डोस चालेल की फेकायचा. सिमेंटच्या आणि हाड वाढवणारं प्रोटीन घातलेल्या ग्राफ्टच्या बॉक्सवर तसला एक ठिपका लावा. त्या पांढऱ्या दाण्यांना नको, सल्फेटला आणि काचेला ओलीचा लावा.