नव्वद दिवसांचा रिपोर्ट आणि घरमालकीण

आज फार दमले. बँकॉकमध्ये लांब मुदतीच्या व्हिसावर राहायचं तर दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो. उशीर झाला की दंड. अर्धा दिवस रजा टाकून गेले, दोन तास नंबरची वाट पाहिली आणि खिडकीवर कळलं की मी इथे राहते याची नोंद घरमालकिणीने केलेलीच नाही. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत ती घरमालकाने करायची असते. फोन केला तर, "माय पेन राय." काही हरकत नाही! हरकत आहे हो, मला आहे. पण इथे आवाज चढवला की समोरचा माणूस हसतो आणि गप्प होतो, मग काम होतच नाही. हे शिकायला मला वर्ष लागलं.

त्यात गुरुवार. भाजी-भात मागितला, "नाम प्ला नको" असं नीट सांगितलं, तरी माशाच्या सॉसचा वास आलाच. त्या मावशींच्या लेखी त्यात मासा नव्हताच, फक्त चव होती. आता पिवळ्या झेंड्यावर लाल 'जे' (म्हणजे कडक शाकाहारी) लिहिलेली खाण्याची गाडीच शोधते. तिथे कांदा-लसूणही नसतो, आपल्या चातुर्मासासारखं.

संध्याकाळी घरमालकीण स्वतः कागद घेऊन आली, सोबत सोललेला पोमेलो. करारावर साल इथल्या बौद्ध सनाप्रमाणे २५६९, म्हणजे आपलं २०२६. तिने सही केली, मी फोटो काढून ठेवला. उद्या सकाळी परत रांगेत.