तुलोउ म्हणायला शिकले

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या पापाटोएटोए उपनगरात राहायला येऊन दोन वर्षं झाली होती आणि माझी बी. फार्म.ची पदवी कपाटात पडून होती. इथली नोंदणी व्हायची होती, आणि मुलाखतीला गेलं की ठरलेला प्रश्न: न्यूझीलंडमधला अनुभव काय? त्यामुळे गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याच्या आजारावरच्या एका अभ्यासाला स्वयंसेवक हवेत असं कळलं तेव्हा लगेच अर्ज टाकला. खरं सांगते, सेवाभाव वगैरे नंतरचं.

अभ्यास साउथ ऑकलंडमधल्या पॅसिफिक, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आलेल्या कुटुंबांचा. सामोअन, टोंगन, कुक आयलंडर, नियुएन. २०२३च्या जनगणनेत देशात पॅसिफिक वंशाचे ४,४२,६३२ लोक होते, जवळजवळ नऊ टक्के. त्यातले निम्म्याहून जास्त ऑकलंडमध्येच. ‘पासिफिका’ हा सगळ्यांना मिळून दिलेला शब्द सोयीचा आहे, पण भाषा वेगळ्या, चर्चं वेगळी, चिडवाचिडवीसुद्धा वेगळी. मला ‘एशियन’ म्हणून कोरियन बाईशेजारी बसवतात, तसंच ते.

कागदांचं काम कंटाळवाणं पण सरळ होतं. पोलीस पडताळणीत काही आठवडे गेले, गोपनीयतेच्या करारावर सही झाली, प्रशिक्षण झालं. हेल्थ रिसर्च कौन्सिलची पॅसिफिक आरोग्य संशोधनासाठीची २०१४ची मार्गदर्शक तत्त्वं वाचायला दिली. आधी नातं, मग माहिती, असा त्यांचा एकूण सूर. मी पेन्सिलीने खुणा करून वाचली आणि समजली असं धरून चालले.

पहिले दोन शनिवार मला फक्त खुर्च्या लावायला आणि चहा करायला सांगितलं. मांगेरेतल्या एका चर्चचा हॉल. आमच्या प्रमुख बाई सामोअन नर्स, पन्नाशीच्या. मी धुसफुसत होते. प्रश्नावली हातात, शिकलेली मी, आणि काम काय तर कपबश्या! तिसऱ्या शनिवारी घाईत मी गोल करून बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या मधून ताठ चालत गेले. कोणी काही बोललं नाही, पण गप्पा थांबल्या. बाईंनी मला बाजूला घेतलं. "बसलेल्यांच्या पुढून जायचं तर कमरेत वाकायचं, एक हात खाली, आणि म्हणायचं तुलोउ. आज तू कुणाचीच नातेवाईक नव्हतीस, म्हणून सोडलं त्यांनी." आमच्या आजीपुढून मी अशी गेले असते तर पाठीत धपाटा बसला असता. हॉलमध्ये शिरताना ते सगळं विसरले होते, बहुतेक हातातल्या क्लिपबोर्डमुळे.

त्या क्लिपबोर्डचीही गंमत नाही. नाव, पत्ता, जन्मतारीख लिहायला लागले की काही वयस्कर माणसं आक्रसून बसत. १९७०च्या दशकात व्हिसा संपलेल्यांना शोधायला पोलीस पहाटे पॅसिफिक लोकांच्या घरांवर छापे घालत, रस्त्यात अडवून कागद मागत. सरकारने त्याची जाहीर माफी मागितली ती २०२१च्या १ ऑगस्टला. तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी सामोअन रिवाजाप्रमाणे अंगावर चटई घेऊन. हे कळल्यावर मी पत्त्याचा रकाना शेवटी विचारायला लागले.

माझी खरी भरती झाली स्वयंपाकघरात. पालुसामी चालली होती, म्हणजे नारळाचं दूध घालून भाजलेली अळूची पानं. पानं बघून माझ्या तोंडून "अळू!" निघालंच. मग खाजेवर चर्चा. आम्ही चिंच घालतो म्हटल्यावर हसू. तिथल्या बायका म्हणाल्या, पुरेसं शिजवलं की झालं, घाई करणाऱ्यालाच खाजतं. पुढच्या वेळी ओटाराच्या शनिवारच्या बाजारातून पानं आणून अळूवड्या नेल्या. त्या दिवसापासून कोणी मला फिजी इंडियन आहेस का असं विचारलं नाही. मी अळूवाली झाले.

मग तालानोआ. गोल करून बसायचं, आधी प्रार्थना, मग बोलणं, घड्याळ न बघता. टिमोटे वायोलेती या टोंगन अभ्यासकांनी २००६मध्ये संशोधनाची पद्धत म्हणून ते मांडलं, पण लोक हे शतकानुशतकं करत आलेत. एका आजोबांनी आमच्या छापील प्रश्नाला, "गोळी नियमित घेता का?", सरळ ‘हो’ म्हटलं होतं. तालानोआत तासाभराने कळलं, अ‍ॅलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक ॲसिड कमी करणारी ती गोळी, ते फक्त पायाचा अंगठा पेटला की घेतात. का? पहिल्यांदा सुरू केली तेव्हा दुखणं उलट वाढलं, म्हणून.

फार्मसीत हे शिकले होते मी. युरिक ॲसिड उतरायला लागलं की सुरुवातीला झटका येऊ शकतो. म्हणून डोस हळूहळू वाढवतात, जोडीला दुसरं औषध देतात. रक्तातलं प्रमाण लिटरमागे ०.३६ मिलिमोलच्या खाली ठेवायचं तर दुखो न दुखो, रोज गोळी. आजोबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं ते खाणं सोडा, पिणं सोडा. पॅसिफिक लोकांत बऱ्याच जणांची मूत्रपिंडं आनुवंशिकतेमुळेच युरिक ॲसिड कमी बाहेर टाकतात, हे मात्र राहून गेलं. ते म्हणाले, "म्हणजे मी खादाड नाही?" आणि सगळा गोल हसला. मी मात्र कागदाकडे बघत बसले. त्यांच्या रकान्यात माझ्या हाताने केलेली ‘हो’ची खूण होती. बाईंनी ती खोडू दिली नाही. बाजूला नवी नोंद करायला लावली.

त्या रात्री सांगलीला सासऱ्यांना फोन केला. त्यांचंही युरिक ॲसिड वाढलेलं, आणि मी दर वेळी "बाबा, गोळी रोज घ्या" एवढं सांगून फोन ठेवायची. या वेळी विचारलं, "घेतल्यावर काय होतं हो?" पाऊण तास बोलले. तूरडाळ सोडली होती, टोमॅटो सोडले होते, आणि चार वर्षांपूर्वी अंगठा ठणकला म्हणून गोळीही सोडली होती.