मगरीचं बाळंतपण

कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात मगरीचा विषय काढा, भिलवडी म्हणा औदुंबर म्हणा नाहीतर डिग्रज, एका मिनिटात चौघांचे चार किस्से तयार असतात. कुणाची शेळी नेली, कुणाच्या मोटारीच्या पाइपाजवळच पसरलेली. २०१९ च्या महापुरात तिकडं रायबाग भागात एक मगर थेट घराच्या छपरावर जाऊन बसलेली, तो व्हिडिओ तर आमच्याकडं सगळ्यांच्याच फोनमधे येऊन गेला. भीती खरीच आहे हो, नदीवर गेलेल्या माणसांवर हल्ले झालेत, जीव गेलेत, त्यामुळं उगाच "किती गोड" वगैरे मी म्हणणार नाही. पण थंडीत ऊन चांगलं वर आल्यावर एखादी काठावर निवांत पडलेली दिसली (पलीकडच्या काठावर, हे महत्त्वाचं) तर मी गाडी थांबवतेच.

मला खरं कौतुक आहे ते तिच्या बाळंतपणाचं. उन्हाळा लागायच्या सुमाराला ती काठावर खड्डा करते, त्यात पंचवीस-तीस अंडी घालते आणि वर माती लोटून देते. कोंबडीसारखं बसून उबवणं वगैरे काही नाही, ती उब जमिनीची. आणि गंमत अशी की पोरगा का पोरगी हे आत अंडं असताना ठरलेलंच नसतं, ते ठरवते खड्ड्यातली गरमी. साधारण ३२-३३ अंशाच्या आसपास राहिली तर नर, त्याच्या बरीच खाली किंवा वर गेली तर माद्या. म्हणजे एप्रिलमधे आपण "काय हे ऊन" म्हणून पंख्याखाली पडलेलो असतो तेव्हा तिकडं नदीकाठी अख्ख्या पिढीचा निकाल लागत असतो.

मग दोनेक महिन्यांनी पिल्लं अंड्यातूनच ओरडायला लागतात. जमिनीखालून! ते ऐकून आई येते, खड्डा उकरते आणि पिल्लं तोंडात घेऊन पाण्यात नेऊन सोडते. एखादं अंडं फुटत नसेल तर तेही तोंडात धरून हळूच दाबून फोडते. ज्या जबड्यात कुत्र्याचं हाड टिकत नाही त्याच जबड्यात वीतभर पिल्लू, आणि त्याला ओरखडासुद्धा नाही. मला तर हातातली काचेची बरणी नीट धरता येत नाही. पुढंही बरेच दिवस ती पिल्लांजवळच असते, कारण बगळ्यापासून मोठ्या माशापर्यंत सगळेच त्यांच्यावर टपलेले. डायनासोर संपले तेव्हाही हिचं खानदान टिकलं ते काय उगीच नाही.

आता अडचण अशी आहे की अंडी घालायला जागा तर पाहिजे ना. वाळू उपशानं नदीचे वाळूचे पट्टे खरवडून नेले, उरलेल्या काठावर पार पाण्यापर्यंत ऊस. ती काठ सोडून जाणार कुठं आणि आम्ही तरी पाण्याची मोटार काढून नेणार कुठं. १९७२ च्या कायद्यानं तिला वाघाइतकंच संरक्षण आहे, पण कायदा काय तिला वाळू आणून देत नाही. आणि ज्याचं जनावर गेलं, ज्याचं माणूस गेलं त्याला हे असलं कौतुक ऐकवायचं तरी कुठल्या तोंडानं, हेही आहेच.

अजून एक राहिलं. चेन्नईजवळच्या मगरींच्या पार्कात, मद्रास क्रोकोडाइल बँकेत, नर मगरसुद्धा पिल्लांना तोंडात घेऊन पाण्यात सोडताना अभ्यासकांनी बघितलंय. हे मी घरी आईला सांगितलं. ती शेंगा फोडत बसलेली, मान वर करून म्हणाली, "बाप पण उचलतो होय पोरं? बाबांना सांग की जरा, तुझ्या वेळंला तर तिसऱ्या दिवशी उगवलेत दवाखान्यात." बाबांनी पेपर अजून थोडा वर धरला.