दुसऱ्या ओळीत घसरलेलं आडनाव

फिलिपिनो लग्नपत्रिकेतली फुलं, सोनेरी कडा, जोडप्याचा फोटो हे सगळं तासाभरात उरकतं. वेळ खातं ते 'एन्टुराज'चं पान. लग्नात कोण कुठल्या मानाने चर्चमध्ये चालत येणार, त्याची ही यादी. दुबईत सतवा भागातल्या छपाईच्या दुकानात मी डिझाइनचं काम करतो. आमची निम्मी गिऱ्हाइकं फिलिपिनो असल्यामुळे हे पान मला सवयीचं आहे. तरी गेल्या हिवाळ्यातलं एक पान अजून डोक्यातून जात नाही.

आधी पानाची रचना सांगतो. सर्वांत वर दोन्हीकडचे आईवडील. त्यांच्याखाली 'प्रिन्सिपल स्पॉन्सर्स', म्हणजे डावीकडे निनोंग, उजवीकडे निनांग. लग्नाचे धर्मपिते आणि धर्ममाता म्हणा. मग नवऱ्याचा खास मित्र, नवरीची खास मैत्रीण. मग मेणबत्ती पेटवणारी जोडी, दोघांवर ओढणी घालणारी जोडी, दोघांच्या खांद्यांवर इंग्रजी आठाच्या आकारात दोर टाकणारी जोडी. शेवटी अंगठी, नाणी, बायबल घेऊन येणारी पोरं आणि फुलं उधळणाऱ्या मुली. तिथल्या १९८७ च्या फॅमिली कोडला दोन सज्ञान साक्षीदार पुरतात. प्रत्यक्षात निनोंग-निनांगच्या दहा-बारा जोड्या आल्या तरी आमच्या दुकानात कुणी मान वर करून बघत नाही. निनोंग होणं हा मान आहे आणि खर्चही आहे. लग्नाला पाकीट, पुढे सल्ला, अडचणीला मदत. बाप्तिस्म्याचे निनोंग तर डिसेंबरात नाताळची भेट मागणाऱ्या धर्मपोरांना चुकवत फिरतात, हा त्यांच्याकडचा दरवर्षीचा विनोद.

यादी येते ती मेसेंजरवर, स्क्रीनशॉटच्या तुकड्यांत. त्यात 'टीटा बेबी' आणि 'टीटो बॉय' असतात; टीटा म्हणजे मावशी-आत्या, टीटो म्हणजे काका-मामा. टीटा बेबी सत्तरीच्या असतात आणि त्यांचं कागदोपत्री नाव भाचीला माहीत नसतं. ते दुसऱ्या टीटाला विचारावं लागतं. फिलिपिन्सचं घड्याळ आमच्या चार तास पुढे, त्यामुळे इथे रात्री आठला शंका निघाली तर तिकडे बारा वाजलेले असतात आणि सगळ्या टीटा झोपलेल्या. पदव्या मात्र कुणी विसरत नाही. इंजिनिअर, अ‍ॅटर्नी, डॉक्टर हे नावाआधी लागलंच पाहिजे, आणि ते एकाला लावून दुसऱ्याचं राहिलं तर पत्रिका परत येते.

नावांच्या तपासणीची एक युक्ती मात्र मला मराठी असल्यामुळे उशिरा समजली. आपल्याकडे मधलं नाव बापाचं किंवा नवऱ्याचं. त्यांच्याकडे मधलं अक्षर आईच्या माहेरच्या आडनावाचं. म्हणजे सख्ख्या भावंडांचं मधलं अक्षर एकच यायला हवं. फुलं उधळणाऱ्या दोघी बहिणी आहेत आणि अक्षरं वेगळी दिसली, तर टायपिंग चुकलंय. लग्न झालेल्या बाईचं मधलं अक्षर तिच्या स्वतःच्या माहेरच्या आडनावाचं होतं आणि शेवटी नवऱ्याचं आडनाव लागतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

नवरी दुबईत नर्स, नवरा इथेच एका हॉटेलात, लग्न फिलिपिन्समध्ये इलोइलोला. पहिला मसुदा नवरीने स्वतः मोबाइलवर कॅनव्हा या डिझाइनच्या अ‍ॅपमध्ये केला होता. कॅनव्हाला नावं ठेवणारे डिझायनर मला फारसे आवडत नाहीत. ज्या पोरीला बारा तासांच्या पाळीनंतर बसमध्ये पत्रिका करायची आहे, तिच्यासाठी ते उत्तम आहे. पण त्यात दोन स्तंभ करायचे म्हणजे बहुतेक जण दोन वेगळ्या मजकूरचौकटी शेजारी ठेवतात. डाव्या चौकटीतल्या चौथ्या ओळीला उजव्या चौकटीतल्या चौथ्या ओळीशी बांधणारं तिथे काहीच नसतं. दोन्हीकडे प्रत्येक नाव एका ओळीत मावतं, तोवर सगळं जुळलेलं दिसतं. एक नाव लांबलं आणि दोन ओळींत तुटलं, की त्या बाजूची खालची सगळी नावं एका ओळीने घसरतात आणि भलत्याचीच बायको भलत्यासमोर येते.

इथे नेमकं तेच झालं, पण जरा जास्तच नेमकं.

यादीत एक काका आणि एक काकू होत्या. कागदावर नवराबायको, प्रत्यक्षात बरीच वर्षं वेगळे. फिलिपिन्समध्ये मुस्लिमांसाठीचा १९७७ चा कायदा सोडला तर घटस्फोटाची तरतूद नाही. लग्न मुळात अवैध होतं असं कोर्टात सिद्ध करायचं, तर पैसा आणि वर्षं दोन्ही जातात. त्यामुळे माणसं वेगळी राहतात आणि आडनाव तेच राहतं. दोघंही नवरीला जवळचे. तिच्या नर्सिंगच्या फीमध्ये काकूंचा वाटा मोठा, त्यामुळे त्यांना वगळणं शक्य नाही. काका वडिलांचे धाकटे भाऊ, त्यांनाही नाही. नवरीने यादी वडीलकीने लावली. काकू पाचव्या ओळीत दुसऱ्याच एका गृहस्थासमोर, काका सहाव्या ओळीत दुसऱ्याच एका बाईंसमोर. कुणाला काही बोलायला जागा नाही.

मग काकूंचा निरोप आला: माझं मधलं अक्षर नको, माहेरचं आडनाव पूर्ण छापा. कायद्याने बाईला नवऱ्याचं आडनाव लावणं सक्तीचं नाही, पण इतक्या वर्षांच्या पासपोर्टवर आणि बँकेत तेच असल्यावर ते काढणार कसं? म्हणून निदान आपलं तरी पूर्ण दिसू दे, इतकीच मागणी. नवरीने मोबाइलवर अक्षर खोडून आडनाव टाकलं. इथे आडनावं बदलून सांगतो: 'बाउटिस्टा-व्हिलान्युएवा' झालं. नाव चौकटीत मावेना. जोडरेघेपाशी तुटलं. 'बाउटिस्टा-' पाचव्या ओळीत राहिलं आणि 'व्हिलान्युएवा' एकटं सहाव्या ओळीत उतरलं, बरोबर काकांच्या नावासमोर. काकांची खरी जोडीदारीण सातव्या ओळीत ढकलली गेली. वाचणाऱ्याला सरळ दिसत होतं: इंजिनिअर व्हिलान्युएवा आणि समोर व्हिलान्युएवा.

नवरीने ते न पाहता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. काकूंनी पाहिल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. रोज येणारी हृदयं आणि फुलंही थांबली. तिसऱ्या दिवशी नवरी आमच्या काउंटरवर आली आणि म्हणाली, "सर, अलाइनमेंट थोडी नीट करून द्याल का?" बाकी एक अक्षर नाही.

मी मसुदा उघडला, घसरलेली ओळ दिसली, हे पाच मिनिटांचं काम आहे असं तिला सांगणार होतो. आमच्याकडे फिनिशिंगला फिलिपिन्समधल्या पांपांगाची एक बाई आहे, सगळे तिला आते म्हणतात, म्हणजे ताई. तिने माझ्या खांद्यावरून स्क्रीन पाहिला, एकसारखी आडनावं पाहिली, मुलीचा चेहरा पाहिला आणि तगालोगमध्ये दोन प्रश्न विचारले. मग मला सगळी कहाणी कळली. याला त्यांच्याकडे 'तांपो' म्हणतात: रुसलेला माणूस भांडत नाही, गप्प होतो, आणि समोरच्याने ओळखून मनवायचं असतं. लग्नातला मानपान आपल्याला नवा नाही, पण आपल्याकडचा फुगलेला मामा निदान मांडवात चारचौघांना ऐकू जाईल असं बोलतो.

आता तांत्रिक भाग. असं पान मी इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये टेबल करून लावतो, एक रांग म्हणजे एक जोडी. रांगेची उंची 'एक्झॅक्टली' ठेवायची, 'अ‍ॅट लीस्ट' नाही, म्हणजे उंची ठरलेलीच राहते; हायफनेशन, म्हणजे ओळीच्या शेवटी शब्द तोडणं, बंद. नाव मावलं नाही तर खण फुगत नाही, त्यात लाल ठिपका येतो. चूक घसरून दुसऱ्याच्या अंगावर जात नाही, जिथली तिथे ओरडते. टाइपाचा आकार पहिल्या नावावरून ठरवायचा नसतो. सगळ्यात लांब नाव आधी बसवायचं. पाच बाय सात इंचाच्या कार्डात दोन्हीकडे अर्धा इंच सोडला तर एका स्तंभाला पावणेदोन-दोन इंच मिळतात. साडेसात पॉइंटला, सगळी कॅपिटल घेतली तर जेमतेम २५-२६ अक्षरं. म्हणून नावं कॅपिटलमध्ये नकोत, मी कायम सांगतो, कुणी ऐकत नाही. अक्षरं आडवी दाबायची तर ९७ टक्क्यांपर्यंत. त्याखाली ती चेंगरलेली दिसतात, आणि नेमकं त्या माणसाचंच नाव चेंगरलेलं दिसणं हा नवा अपमान.

फॉन्टही आधी तपासावा लागतो. फुकटातल्या वळणदार फॉन्टांत डोक्यावर नागमोडी रेघ असलेला स्पॅनिश 'एन्ये' नसतो, आणि तो नसलेली फिलिपिनो यादी मी अजून पाहिलेली नाही. विंडोजवर ऑल्ट दाबून नंबरपॅडवर ०२०९ टाकलं की मोठा, ०२४१ ला लहान. दिवंगत पालकाच्या नावाआधी क्रूस लागतो, आपल्या 'कै.' सारखा, ०१३४ ला मिळणारं खंजिराचं चिन्ह तिथे चालतं. टेबलावरच्या नावपट्ट्यांसाठी हीच यादी डेटा मर्जला, म्हणजे यादीतून नावं आपोआप भरणाऱ्या सोयीला, द्यायची असेल, तर एक्सेलमधून 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून सेव्ह करायची, नाहीतर एन्येच्या जागी कचरा छापून येतो.

मी टेबल केलं. पाचवी ओळ पाचवीतच, सहावी सहावीत. तांत्रिकदृष्ट्या काम संपलं होतं. नवरी हसली, "सिगे पो", म्हणजे 'बरं' म्हणाली आणि जागची हलली नाही. ग्रुपवर एकदा तसं दिसून गेल्यावर आता सगळे त्या दोन ओळींकडेच बघणार होते. पाचवी आणि सहावी एकमेकींना फारच लागून होत्या.

वर्णक्रमे लावू म्हटलं. 'बी' धरला तर काकू थेट पहिल्या ओळीत, घरातल्या सगळ्या ज्येष्ठांच्या डोक्यावर. 'व्ही' धरला तर दोन्ही स्तंभांत शेवटचं नाव व्हिलान्युएवाच, म्हणजे पुन्हा समोरासमोर. काकूंना खाली न्यावं तर मान गेला. काकांना न्यावं तर वडिलांच्या भावाला खाली ढकललं. एका विधुराला काकूंसमोर आणून पाहिलं, तर आते जोरात हसली. म्हणाली, हे छापलं तर इलोइलोतल्या सगळ्या मारिटेस कामाला लागतील. मारिटेस म्हणजे त्यांच्याकडची गल्लीतली बातमीदार.

शेवटी मी टेबलच मोडलं. 'निनोंग' असं शीर्षक, खाली सगळी नावं मधोमध, ठिपक्यांनी वेगळी केलेली, सलग वाहत जाणारी. त्याखाली 'निनांग', तसंच. समोरासमोर कुणीच नाही. लांब नाव तुटू नये म्हणून प्रत्येक नावाला 'नो ब्रेक' लावलं, म्हणजे तुटलं तर नावांच्या मध्ये तुटेल, नावात नाही. दिसायलाही ते पान जास्त देखणं झालं, हे मी अभिमानाने सांगतो. फक्त एक अडचण होती: लग्नाच्या दिवशी समन्वयक याच पानावरून जोड्या उभ्या करतो. म्हणून त्याच्यासाठी जोड्यांची वेगळी यादी केली, साधी, ए-फोरवर, काका आणि काकू चार रांगांच्या अंतराने.

काकूंची माफी मागू का, असं नवरीने विचारलं. आतेने सांगितलं, अजिबात नको. माफी मागितलीस तर काय घडलं ते सगळ्यांसमोर मान्य केल्यासारखं होईल. नवं पान पाठव, त्यांच्या नातवाची चौकशी कर, आणि कपड्यांचा रंग आवडला का ते विचार. तसंच झालं. दुसऱ्या दिवशी काकूंचं उत्तर आलं, ते रंगाबद्दलच.

रंगही जपूनच दिला होता. शेवटच्या पानावर पाहुण्यांनी घालायच्या कपड्यांच्या रंगांची गोलं असतात, आणि बायका ते कार्ड घेऊन कापड जुळवायला जातात. मोबाइलवर छान दिसणारा निळा छपाईत जांभळा पडतो, कारण त्यात किरमिजी शाई, म्हणजे मजेंटा, जास्त असते. मी सायन (निळी शाई) आणि मजेंटात निदान ३० टक्क्यांचं अंतर ठेवतो आणि एक प्रत छापून हातात देतो. स्वागताचा ताडपत्री बॅनर इलोइलोलाच छापायचा होता, चार बाय सहा फुटांचा. १०० डीपीआयला ४८०० बाय ७२०० पिक्सेल, मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांचे आकार करून, कडेला रिंगांसाठी दोन इंच मोकळे. आमचे मालक हे सगळं 'डिझाइन फ्री' या पाटीखाली देतात. कागदाचे पैसे घेतात, मानपान सोडवायचे नाहीत.

लग्नाचे फोटो आतेने फेसबुकवर दाखवले. निनोंग-निनांगच्या रांगेत काका आणि काकू एकत्र चालत होते. काकांच्या हातात काकूंची पर्स. मी झूम करून दोनदा पाहिलं. समन्वयकाने यादी चुकवली, दोघांनी आपणच ठरवलं, की कुणा टीटाने आयत्या वेळी ढकललं? नवरीला विचारलं, तर "हाहा, ओके लांग पो," म्हणजे 'ठीकच आहे', इतकंच. आते म्हणते यात विचारण्यासारखं काही नाही. मला मात्र अजून कळत नाही, की तुटलेल्या ओळीने काकूंना नेमकं दुखावलं होतं कशाने: काकांच्या समोर आल्यामुळे, की माहेरचं आडनाव पूर्ण मागितल्यावर सासरचं आडनाव एकटंच खाली पडलं म्हणून?

आता तीच नवरी बाप्तिस्म्याच्या पत्रिकेसाठी आली आहे. निनोंग-निनांग मिळून २४. यादी मी या वेळी एक्सेलमध्येच मागितली आहे: नाव, पदवी, मधलं अक्षर, आडनाव, आणि शेवटी एक जादा रकाना, 'कोणाच्या शेजारी नको'. आतेने तो पाहिला आणि म्हणाली, तो रकाना कुणी भरणार नाही, तिच्याकडे कोरी यादी पाठव आणि फोन माझ्याकडे दे.