कॉस्टनच्या खुणा एलईडीवर : तीन रंग आता खाडीपलीकडून वाचता येतात

मागच्या नोंदीपर्यंत रंगीत एलईडी दिव्यांची संकेत-नळी उभी राहिली होती आणि रंग पेटत होते, पण एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते लांबून कळत नव्हतं. आता कळतं. मार्था कॉस्टनच्या पद्धतीने, म्हणजे एकोणिसाव्या शतकात जहाजं रात्री ज्या रंगीत ज्योतींच्या क्रमाने आकडे कळवत त्या पद्धतीने, खाडीच्या या काठावरून आकडे पाठवले आणि पलीकडच्या मित्राने ते वहीत बरोबर उतरवून घेतले. त्याने फोनवर ते वाचून दाखवले तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द. जुन्या पेटंटांमधली संकेत-साधनं मी विजेच्या दिव्यांवर पुन्हा उभी करतो. दारूकामाला हात लावत नाही आणि कुणी लावू नये. रंगीत ज्योतींची मिश्रणं परवान्याशिवाय करणं बेकायदा आहे आणि ती नुसत्या घर्षणानेही भडकू शकतात. शिवाय मला जे समजून घ्यायचंय ते खुणांच्या रचनेत आहे, आणि रचना दिव्यावरही तपासता येते.

मार्था कॉस्टन अमेरिकेची. नवरा बेंजामिन फ्रँकलिन कॉस्टन १८४८ साली वारला. त्याच्या कागदांत रात्रीच्या संकेतांची टिपणं निघाली. नुसती टिपणं, चालणारं साधन नव्हे. तेव्हा ही बाई विशीच्या उंबरठ्यावर होती, पदरात मुलं होती. तिने जवळजवळ दहा वर्षं माणसं नेमून ते काम पुढे रेटलं. पांढरी आणि तांबडी ज्योत जमली. तिसरा रंग निळा हवा होता, म्हणजे अमेरिकेच्या झेंड्याचे तिन्ही रंग झाले असते. १८५८ साली अटलांटिकखालून तार जोडल्याच्या आनंदात न्यूयॉर्कमध्ये मोठी आतषबाजी झाली. ती पाहून तिने तिथल्या दारूकाम करणाऱ्यांना पत्रं लिहिली, तीही पुरुषाच्या नावाने, कारण बाईचं पत्र कोणी मनावर घेईल याची तिला खात्री नव्हती. पुरेसा प्रखर निळा काही मिळाला नाही. हिरवा मिळाला.

निळा का अडतो, हे दारूकामाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं. अठराव्या शतकाच्या शेवटी बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पोटॅशियम क्लोरेट हे ज्योतीला ऑक्सिजन पुरवणारं रसायन तयार केलं आणि पुढे गडद रंगांच्या ज्योती शक्य झाल्या. स्ट्रॉन्शियम तांबडा देतं, बेरियम हिरवा. निळ्यासाठी तांबं लागतं, पण निळा प्रकाश देणारा तांबं आणि क्लोरीनचा रेणू फार तापला की तुटतो. ज्योत प्रखर करावी तर रंग फिका पडतो, रंग राखावा तर ज्योत मंद होते. आजच्या आकाशबाणांतही चांगला निळा हे कारागिराच्या कसबाचं लक्षण मानतात.

५ एप्रिल १८५९ रोजी पेटंट क्रमांक २३,५३६ मंजूर झालं, पण मार्थाचं नाव त्यावर शोधक म्हणून नाही, दिवंगत नवऱ्याच्या मालमत्तेची व्यवस्थापक म्हणून आहे. स्वतःच्या नावाचं पेटंट तिला १८७१ साली मिळालं, खुणेचं नळकांडं पेटवण्याच्या सुधारित रचनेसाठी. पहिल्या पेटंटावरची ती ओळ मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला वाईट वाटतं.

आता रचना. एकाच नळकांड्यात रंगांचे थर, एक जळून संपला की पुढचा. खुणा हव्यात बारा : शून्य ते नऊ हे दहा आकडे, आणि दोन अक्षरं, ‘तयार राहा’साठी पी व ‘उत्तर’ यासाठी ए. आकडे मिळाले की संकेतपुस्तकात त्यांचा अर्थ बघायचा. एकच रंग वापरला तर तीन खुणा होतात. दोन वेगळे रंग क्रमाने घेतले तर आणखी सहा. म्हणजे नऊ, आणि हव्यात बारा. तेव्हा किमान तीन खुणांना तीन थर लागणारच. एकच रंग लागोपाठ दोनदा का घेता येत नाही, ते नळी चालवल्यावर डोळ्यांना दिसलं : तांबड्याला लागून तांबडा आला की पाहणाऱ्याला एकच लांब तांबडा दिसतो.

माझी नळी साधी आहे. पीव्हीसी पाइप, आत तीन रंगांचे वेगवेगळे पॉवर एलईडी, मागे उष्णता शोषायला अॅल्युमिनियमची पट्टी, बाहेर ट्रेसिंग पेपरचं वेष्टन, आणि क्रम सांभाळायला अर्डुइनो नॅनो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड. प्रत्येक रंगाला आठ सेकंद दिली आहेत. खरा फरक पडला तो दोन गोष्टींनी. पांढऱ्यासाठी थंड पांढऱ्याऐवजी पिवळसर पांढरा एलईडी घेतला, कारण थंड पांढरा दुरून हिरव्याकडे झुकतो. आणि हिरव्याची तीव्रता कमी केली. आपल्या डोळ्यांना हिरवा तांबड्यापेक्षा खूप उजळ भासतो, त्यामुळे सारख्या विजेवर चालवला की खुणेतला तांबडा बिचारा झाकोळून जातो.

हौसेखातर मार्थाला हवा होता तसा संच, म्हणजे पांढरा-तांबडा-निळा, हाही लावून पाहिला. जवळून सुंदर दिसतो. खाडीपलीकडून मात्र निळा आणि पांढरा यांत घोळ होऊ लागला. याला शरीरातलं कारण आहे : दिवा ठिपक्याएवढा झाला की डोळ्याच्या मध्यबिंदूवर निळा ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ नसल्याने निळा नीट कळत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की निळा न मिळणं ही या शोधातली सर्वात भाग्याची गोष्ट होती. झेंडा म्हणून तो संच उत्तम ठरला असता, संकेत म्हणून कच्चा.

हिरव्या-तांबड्यालाही मर्यादा आहे. खुणा वाचणाऱ्या आमच्या मित्रांपैकी एकाला या दोन रंगांत फरक कळत नाही, आणि त्याच्या वहीतले आकडे त्यामुळे वेगळेच निघाले. १८७५ साली स्वीडनमध्ये लागेरलुंडा इथे रेल्वेचा अपघात झाला. त्यामागे रंगांधळेपणा असावा या संशयाने होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने लोकरीच्या रंगीत लडी वापरून रेल्वे कर्मचाऱ्यांची रंगदृष्टी तपासायची पद्धत रुजवली. रंगाची खूण पाठवणाऱ्याइतकीच वाचणाऱ्यालाही तपासावी लागते, हे त्याने ओळखलं.

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी करणाऱ्या उत्तरेच्या नौदलाने या खुणा भरपूर वापरल्या. १८६१ साली तिथल्या काँग्रेसने पेटंटचे हक्क २०,००० डॉलरला घेतले. पुढे किनाऱ्यावर गस्त घालणारे जीवरक्षकही कॉस्टनची तांबडी ज्योत बाळगू लागले. ती दिसली की भरकटलेल्या जहाजाला कळायचं, किनारा जवळ आहे, किंवा आपल्याला कुणी तरी पाहिलं आहे.

१८७७ च्या सुमारास एडवर्ड व्हेरी या नौदल अधिकाऱ्याने पिस्तुलातून रंगीत तारे उडवण्याची युक्ती काढली. हातातल्या ज्योतीपेक्षा ते उंच जातात, म्हणून दुरून दिसतात. त्याने तांबडा आणि हिरवा एवढेच रंग ठेवले. दोनच रंगांत सारख्या लांबीच्या दहा खुणा करायच्या तर प्रत्येकीला चार तारे लागतात, कारण तीन ताऱ्यांत फक्त आठच होतात. म्हणजे रंग कमी केले की वेळ वाढला, पण इथे तारे सुटे उडतात, त्यामुळे तांबड्यामागून तांबडाही मोजता येतो. कॉस्टनच्या नळकांड्यात हे शक्य नव्हतं. दोन्ही रचना शेजारी मांडून पाहाव्यात, फार मजा येते.

पुढचं काम ठरलं आहे. व्हेरीची पद्धत त्याच नळीवर बसवायची, दर दोन ताऱ्यांत पूर्ण अंधाराचा छोटा खंड ठेवून, आणि दोन्ही पद्धतींनी एकच संदेश पाठवून वेळ मोजायची. त्यानंतर एक आजचं साधन : अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये मान्य केलेला विजेचा संकट-दिवा. तो आकाशी-हिरवट आणि तांबूस-नारिंगी असे दोन रंग आलटून पालटून लुकलुकवतो. तांबडा-हिरवा न ओळखणाऱ्या आमच्या मित्राला ही जोडी वेगळी दिसते का, हे मला खाडीवर तपासायचं आहे. पिवळसर पांढऱ्यापेक्षा चांगला पांढरा कुणाला सापडला असेल तर त्याचं रंगतापमान केल्व्हिनमध्ये जरूर कळवा.