खिशातला उजेड

पत्त्यांच्या कॅटाएवढा एक एलईडी दिवा माझ्या बॅगेत कायम असतो. कॅमेरा घरी राहिला तरी हा बरोबर येतो, कारण व्हिडिओ काय, मोबाइलवरही काढता येतो. चार्जिंगला मोबाइलचीच केबल चालते, पाठीला चुंबक, बुडाला ट्रायपॉडसाठी पाव इंची आटे. लोखंडी कपाट दिसलं की झाला स्टुडिओ.

1887 मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर निघाली, तेव्हा एका फोटोसाठी भपकन जाळ व्हायचा आणि खोलीभर पांढरा धूर. पुढे टंगस्टनचे दिवे आले. त्यांची बहुतेक वीज उष्णतेतच जायची. समोर बसलेल्याला घाम फुटायचा आणि पेटता दिवा हलवायचा तर हातमोजे लागायचे. एलईडीने ही भट्टी विझवली. मूळ एलईडी निळी, तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळ्यातला काही उजेड शोषून पिवळा देणाऱ्या पुडीचा थर, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. ती निळी एलईडी साधणं इतकं अवघड होतं की त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण सगळं पांढरं सारखं नसतं. खोक्यावर ठसठशीत छापलेलं असतं: सीआरआय 95, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचे गुण. शंभरापैकी पंचाण्णव म्हटल्यावर आपण खूश. हा आकडा म्हणजे आठ फिकट रंगांची सरासरी. गडद लाल, ज्याला आर9 म्हणतात, तो त्यात धरलेलाच नाही. आणि माणसाच्या कातडीखाली तर रक्तच वाहतंय! म्हणून दिवा घेताना मी आधी तळहात त्याच्यासमोर धरतो, मग खिडकीच्या उजेडात नेतो. खोटा दिवा असला तर बोटांच्या पेरांवरची लाली पुसली जाते आणि हात आजारी माणसाचा वाटतो. मग तेज कमी करून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बघायचं. काही दिवे मंद होतात म्हणजे खरं तर भराभर उघडझाप करतात. डोळा फसतो, पण चित्रात काळे पट्टे सरकू लागतात.

बाकी वीज कडाडणं, पोलिसांची गाडी, बिघडलेली ट्यूब असले इफेक्ट हल्ली इवल्याशा दिव्यातही कोंबलेले असतात. पहिल्या दिवशी सगळे लावून बघितले जातात, घरातले वैतागतात, विषय संपतो. (टीव्हीच्या उजेडाचा इफेक्ट मात्र रात्रीच्या प्रसंगाला खरंच कामाला येतो.)

एवढं सगळं तपासून घेतलेला दिवा लोक नेमका कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवतात, याचं मला फार वाईट वाटतं. तिथून उजेड सरळ तोंडावर आदळतो, नाक गालात मिसळून जातं. तोच दिवा हातात घेऊन थोडा बाजूला, कपाळाच्या वर धरला की नाकाची सावली पडते, गालाला उतार येतो, डोळ्यांत एक ठिपका चमकतो. अंतर निम्मं केलं तर उजेड साधारण चौपट, म्हणजे ताकदीची उणीवही जवळ जाऊन भरून निघते.

सावल्या मात्र कडक पडतात, कारण उजेडाचं तोंडच लहान. सोबत मिळणारी पांढरी टोपी लावली की एलईडीच्या दाण्यादाण्यांच्या वेगवेगळ्या सावल्या एक होतात, पण कडा फारशा मऊ होत नाहीत. टोपीही दिव्याएवढीच ना! त्यापेक्षा दिवा भिंतीकडे वळवावा. मग ती भिंतच दिवा होते, चांगली माणसाहून मोठी, आणि सावली विरघळते. उजेड बराच खर्ची पडतो आणि पूर्ण तेजावर बॅटरी लवकर मान टाकते, तरी सौदा परवडतो. फक्त भिंत पांढरी हवी. पोपटी असली तर चेहराही पोपटी, मग खोक्यावरच्या पंचाण्णवला कोण विचारतं.